पोकीप्सीचा दगड आणि काशीबाईंचे पुस्तक

गेल्या मार्चमध्ये आपल्या मंडळाच्या महिला दिनाच्या कार्यक्रमात प्रश्नमंजूषा ठेवली होती. सामोसे यायला अजून अवकाश होता, मुले हॉलच्या मागच्या बाजूला धुडगूस घालत होती आणि प्रश्न वाचून दाखवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले होते. मी विचारले, "१८८९ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांचे मराठीत चरित्र कोणी लिहिले?" तीन टेबलांवरून एकदम उत्तर आले, "श्री. ज. जोशी!" एक काका ठामपणे म्हणाले, "गोपाळराव जोशी." एका वहिनींनी रमाबाई रानड्यांचे नाव घेऊन पाहिले. मग सगळे गप्प. मी कार्डावरचे उत्तर वाचले, "काशीबाई कानिटकर." लोक "असं का?" म्हणाले आणि आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

आता खरे सांगायला हरकत नाही. ते कार्ड हातात येईपर्यंत मलाही उत्तर माहीत नव्हते. मी पुण्यात मराठी विषय घेऊन बी.ए. केलेली! कॉलेजात असताना 'आनंदी गोपाळ' एका रात्रीत वाचून उशी भिजवलेली! काशीबाईंचे नाव मी परीक्षेपुरते, हरिभाऊ आपट्यांच्या प्रकरणातल्या एका ओळीत पाठ केले होते आणि पेपर टाकून आल्याबरोबर विसरले होते. घरी येताना गाडीत यांना म्हटले, "आनंदीबाईंची गोष्ट आपल्याला कळली ती ज्या बाईमुळे, तिचीच गोष्ट आपल्याला माहीत नाही." हे म्हणाले, "मग लिही की मासिकात." तर मंडळी, हा लेख त्यातून झाला आहे.

आनंदीबाईंची हकिकत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. ३१ मार्च १८६५ चा जन्म, माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न. ते पोस्टात नोकरीला होते आणि बायकोला शिकवायचे, हा त्यांचा ध्यास होता. चौदाव्या वर्षी बाळंतपण झाले आणि मूल दहा दिवसांत गेले. १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ती नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीत बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागा तिची वाट पाहत होती, पण क्षयाने पोखरलेली ती परत गेली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारली. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

तिच्या अस्थी मात्र पुण्यात राहिल्या नाहीत. गोपाळरावांनी त्या अमेरिकेला पाठवल्या आणि न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठच्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या गेल्या. (उच्चार पोकीप्सी असाच आहे. स्पेलिंगच्या नादी लागू नका.)

ऑक्टोबरात पाने बघायला आपण सगळे उत्तरेकडे जातोच. या वेळी आम्ही वाट वाकडी करून पोकीप्सीला गेलो. रूट नाईनला लागूनच ते मोठे जुने सिमेट्री आहे. ओक आणि मेपलची झाडे, उतारावर दगडांच्या रांगा. कार्पेंटर मंडळींच्या दगडांमध्ये आनंदीबाईंचा दगड आहे. जोशी हे नाव शेवटी दोन 'ई' घालून कोरलेले, पुढे एम.डी., मग जन्म-मृत्यूची वर्षे आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाचा मजकूर. मी तो दोनतीनदा वाचला. त्यात जात आहे, देश आहे, पदवी आहे. नवऱ्याचे नाव नाही. आपण मात्र तिला 'आनंदी गोपाळ' याच नावाने ओळखतो. कादंबरी (१९६८), तिच्यावरून आलेले नाटक, मग २०१९ चा चित्रपट, सगळ्यांवर नाव तेच.

हा दगड इथे आहे तो थिओडिशिया कार्पेंटर या बाईंमुळे. त्या न्यू जर्सीत रोझेल गावी राहत. आपण पार्कवेवरून एडिसनला किराणा आणायला जातो ना, त्या वाटेवर रोझेल अगदी जवळ पडते. बायकोला अमेरिकेत शिकवण्यासाठी मदत मागणारे एक पत्र गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिले होते आणि ते एका मिशनरी मासिकात छापून आले. १८८० मध्ये कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या होत्या, तेव्हा ते त्यांच्या वाचनात आले. त्यांनी उलट टपाली आनंदीबाईंना पत्र घातले. तीन वर्षे दोघी एकमेकींना न पाहता लिहीत राहिल्या आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. पुढे बोटीतून उतरल्यावर त्या राहिल्या त्याही या मावशींच्याच घरी. जिला मुलीसारखी वागवली तिला मेल्यावरही त्यांनी आपल्या घरच्या माणसांत जागा दिली.

दुसरी बाई कॅरोलाइन डॉल. बॉस्टनच्या, स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या, भरपूर लिहिणाऱ्या. आनंदीबाईंना जाऊन एक वर्ष होते न होते तोच, १८८८ मध्ये, त्यांनी बॉस्टनहून इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. आणि पुढच्याच वर्षी इकडे महाराष्ट्रात काशीबाईंचे मराठी चरित्र आले.

आता काशीबाईंकडे येते. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून मागवलेली पुस्तके आणि पुण्याहून माझ्या दादाने जुन्या बाजारातून शोधून पाठवलेले एक जाडजूड पुस्तक यांच्या जोरावर हा भाग लिहिते आहे.

काशीबाई १८६१ च्या, म्हणजे आनंदीबाईंहून चार वर्षांनी मोठ्या. माहेरच्या बापट, जन्म सांगली भागातल्या आष्ट्याचा, घर खातेपिते. नवव्या वर्षी पुण्याच्या गोविंदराव कानिटकरांशी लग्न झाले. गोविंदराव शिकणारे, कविता करणारे, पुढे वकील आणि न्यायखात्यात अधिकारी झाले. गोची अशी, की नवऱ्याला शिकलेली बायको हवी होती आणि सासरच्या वडीलधाऱ्यांना शिकलेली सून नको होती. नवरा हिणवणार अडाणी म्हणून आणि पुस्तक हातात दिसले की घरातल्या बायका टोमणे मारणार. माहेरी मुलींना शिकवायची पद्धत नव्हतीच. काशीबाई चोरून, लपतछपत, भावांच्या अभ्यासावर कान ठेवून वाचायला शिकल्या.

आनंदीबाईंना शिकण्याची सक्ती झाली आणि काशीबाईंना चोरी करावी लागली. त्या काळात बाईने अक्षर ओळखायचे ते या दोनपैकी एका रस्त्याने. स्वतःच्या मर्जीने, दुपारी ओसरीवर बसून, सगळ्यांदेखत शिकावे, असा तिसरा रस्ता फारच थोडक्या घरांत होता.

पुढे गोविंदरावांबरोबर मुंबईला राहताना आणि नोकरीनिमित्त गावोगाव फिरताना त्यांचे वाचन वाढले. प्रार्थना समाजातली भाषणे कानावर पडली. स्त्रियांच्या पारतंत्र्यावरचा मिलचा ग्रंथ गोविंदरावांनी मराठीत आणला, त्यावर घरात चर्चा होत असणारच. हरिभाऊ आपटे या जोडप्याचे स्नेही. हरिभाऊ आणि काशीबाई यांचा पत्रव्यवहार होता आणि हरिभाऊंच्या मागे काशीबाईंनी तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. 'रंगराव' ही त्यांची कादंबरी १८८० च्या दशकात मासिकातून क्रमशः येऊ लागली आणि १९०३ मध्ये पुस्तक झाली. 'चांदण्यातील गप्पा' हा कथासंग्रह १९२१ चा. आणि १९२८ मध्ये, सत्तरीकडे झुकल्यावर, 'पालखीचा गोंडा'.

या शेवटच्या पुस्तकाबद्दल मला इथे जरा थांबायचे आहे. रेवती नावाच्या मुलीचे लग्न एका संस्थानच्या राजपुत्राशी लावून दिले जाते आणि मग कळते की तो मतिमंद आहे. तुम्हीआम्ही लिहिली असती तर ही रडकथा झाली असती. काशीबाई काय करतात? रेवतीला आणि तिच्या सासूला राज्यकारभार हातात घ्यायला लावतात. मुलींच्या शाळा, बायकांसाठी कामधंदा, सगळे राज्यच बायकांच्या सोयीने चालू लागते. सासू-सून मिळून राज्य चालवतात, ही कल्पना १९२८ मध्येच काय, आजच्या आपल्या टीव्हीच्या मालिकांतही कोणाला सुचत नाही! गोष्ट जुन्या वळणाची आहे, योगायोग फार आहेत, मध्येमध्ये भाषणेही आहेत, हे कबूल. पण ज्या बाईला स्वतःच्या सासरी वाचायची चोरी होती, तिने म्हातारपणी सासू कशी रंगवावी हे बघण्यासारखे आहे.

१८८९ साली आनंदीबाईंचे चरित्र लिहायला बसल्या तेव्हा काशीबाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. रोझेल, फिलाडेल्फिया, इथला बर्फ, कॉलेजची शेकोटी, यांतले काही त्यांनी पाहिलेले नव्हते. हाताशी होती ती पत्रे. आनंदीबाईंनी नवऱ्याला लिहिलेली, मावशींना लिहिलेली. काशीबाईंनी ती पत्रे चरित्रात भरभरून घेतली आणि आनंदीबाईंना त्यांच्या शब्दांत बोलू दिले. त्या पत्रांची आणि पुस्तकाची मदत पुढच्या प्रत्येकाला झाली. श्री. जं.च्या कादंबरीचाही मोठा आधार तोच.

त्या पत्रव्यवहारातला एक मजकूर मी वाचला आणि पुस्तक मिटून ठेवले. अमेरिकेतून आनंदीबाई गोपाळरावांना लिहितात, त्याचा आशय असा, की तुम्ही मला चांगले वागवले की वाईट हे ठरवणे कठीण आहे. आणि मग आठवणी मांडतात. दहा वर्षांची असताना लाकडाच्या तुकड्यांनी मारले, बारा वर्षांची असताना खुर्च्या आणि पुस्तके फेकून मारली, सोडून जाण्याची धमकी दिली. आणि तरीही ज्या शिक्षणापायी हे झाले त्याबद्दल ती कृतज्ञ आहे. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, परक्या देशात, थंडीने कुडकुडणारी, हे किती तोलून लिहिते! राग आहे, पण आरडाओरडा नाही.

काशीबाईंनी गोपाळरावांना त्यांच्या जिद्दीचे श्रेय दिले आहे, आणि त्यांचा विक्षिप्तपणाही झाकलेला नाही. गोपाळराव तेव्हा हयात होते, पुण्यामुंबईत लोक त्यांना ओळखत होते. अशा वेळी एका तरुण बाईने छापील पुस्तकात नवरेशाहीबद्दल बोलणे सोपे नव्हते. मला जे खटकते ते पुढचे आहे. पुढे गोष्ट जसजशी लोकप्रिय होत गेली तसतसे गोपाळराव मोठे होत गेले आणि आनंदीबाई त्यांच्या हातची मूर्ती झाल्या. मारझोडसुद्धा ध्येयवेड्या माणसाची तऱ्हा म्हणून आपण गोड मानून घेतली. कादंबरी वाईट आहे असे मी म्हणत नाही, मी रडलेच आहे ती वाचून. पण आता वाटते, मी नक्की कोणासाठी रडले होते?

याच घराण्यातली, आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातली, पंडिता रमाबाई. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला त्या इंग्लंडहून फिलाडेल्फियाला आल्या आणि जवळजवळ तीन वर्षे इथे राहिल्या. त्यांना विसरलो असे कोणी म्हणणार नाही, पण त्यांचे एक पुस्तक मात्र नक्कीच विसरलो. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', साल तेच १८८९. अमेरिकेवर, मराठीत, एका बाईने लिहिलेले. इथली राज्यपद्धती, शाळा, घरे, बायकांच्या संस्था आणि काळ्या व मूळच्या लोकांवर झालेला अन्याय, सगळे त्यात आहे. आपण इथे आलो तेव्हा येताना सामानात हे पुस्तक कोणी दिले नाही. प्रेशर कुकर आणि लोणच्याच्या बरण्या दिल्या.

काशीबाई १९४८ मध्ये वारल्या, सत्त्याऐंशी वर्षांचे आयुष्य जगून. त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतले होते, पण ते तुकड्यातुकड्यांतच राहिले. दादाने पाठवलेले जाडजूड पुस्तक म्हणजे तेच तुकडे. मुंबई विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या सरोजिनी वैद्य यांनी ते जुळवले, संपादित केले, आणि जिथे काशीबाईंनी लिहायचे थांबवले तिथून पुढचे चरित्र स्वतः लिहून जोडले. म्हणून पुस्तकाच्या नावातच 'आत्मचरित्र आणि चरित्र' असे दोन्ही शब्द आहेत. जिने दुसरीचे चरित्र लिहिले तिचे चरित्र पुरे करायला तिसरी यावी लागली.

नंतर अंजली कीर्तने. त्या आनंदीबाईंच्या शोधात अमेरिकेपर्यंत आल्या, कागदपत्रे धुंडाळली आणि 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' हे पुस्तक १९९७ मध्ये दिले. आणि मीरा कोसंबी, दा. ध. कोसंबींची मुलगी आणि धर्मानंदांची नात. एस.एन.डी.टी.च्या स्त्री-अभ्यास केंद्राच्या त्या संचालक होत्या. रमाबाईंचे ते अमेरिकेवरचे पुस्तक त्यांनी इंग्रजीत आणले (२००३), काशीबाईंच्या लेखनाचा स्वतंत्र ग्रंथ केला (२००८) आणि आनंदीबाईंचे जीवन व पत्रे यांवरचे काम करता करता त्या गेल्या. तारीख २६ फेब्रुवारी, साल २०१५. आनंदीबाईंची तारीखही २६ फेब्रुवारीच. ते पुस्तक त्यांच्या मागे सहकाऱ्यांनी पुरे करून प्रसिद्ध केले. आपली इथे वाढलेली मुले मराठी वाचू शकत नसतील, तर त्यांच्या हाती कोसंबींची ही पुस्तके जरूर द्या.

हे सगळे वाचत होते तेव्हा आमच्या तळघरातल्या एका खोक्याची मला सारखी आठवण येत होती. इथे आल्यापासूनची भारतातली पत्रे त्यात आहेत. निळी एरोग्राम. एका शनिवारी खोके वर आणले आणि डायनिंग टेबलावर मांडले. सासऱ्यांची पत्रे मोत्यासारख्या अक्षरात, तारीखवार, पावसापाण्यापासून राजकारणापर्यंत. आणि सासूबाईंचा मजकूर? शेवटच्या घडीवर, जिथे गोंद लावून पाकीट बंद करतात तिथे. तीन ओळी. "चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद. थंडीत जपणे. बाकी वरीलप्रमाणे." बहुतेक पत्रे मी घाईघाईने फाडून उघडलेली, त्यामुळे त्या तीन ओळीही मधोमध फाटलेल्या.

याहून वाईट गोष्ट सांगते. सासूबाई एक वही ठेवायच्या. लांब, कापडी बांधणीची, हिशेबाची वही. तिच्यात दुधाचा हिशेब, पापडाचे प्रमाण, कोणाच्या बाळंतपणाला काय दिले, आणि मध्येच, कोणी बघत नाही असे पाहून लिहिल्यासारख्या, स्वतः रचलेल्या ओव्या. मी एकदा दुपारी त्यांना लिहिताना पाहिले होते. मला बघून त्यांनी वही डाळीच्या डब्यामागे सरकवली. त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी पुण्याचा वाडा पाडून तिथे बिल्डिंग करायचे ठरले. जाऊबाईंनी फोन केला, "आईंचं कपाट रिकामं करतेय, तुम्हाला काही हवंय का?" मी इथे कामावरून नुकती आलेली, मुलाला कराटेला सोडायचे होते. म्हटले, "चांदीचं तेवढं ठेवा, बाकी कागदबिगद देऊन टाका." जाऊबाईंनी मी सांगितले तसेच केले. वहीचे मला आठवले तेव्हा सहा महिने होऊन गेले होते.

त्या ओव्या चांगल्या होत्या की नव्हत्या, कोण जाणे. मी एकही वाचली नाही.

दिवाळीला भारतात गेले तेव्हा माझ्या आईला घेऊन बसले. तिचे वय चौऱ्याऐंशी. फोन रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला. ती म्हणाली, "तुझ्या वडिलांनी शाळेसाठी केवढं केलं, ते लिहून घे." मी म्हटले, "आई, बाबांचं झालंय लिहून, त्यांच्या सत्काराच्या अंकात. तू व्ह.फा. झाल्यावर दोन वर्षं मास्तरीण होतीस ना? तिथलं सांग." आधी दहा मिनिटे ती बाबांबद्दलच बोलली. मग हळूच म्हणाली, "पहिला पगार चाळीस रुपये होता. पण तो मी हातात घेतलाच नाही, मामंजी जाऊन घेऊन यायचे." हे मला आजवर माहीत नव्हते. दादालाही नव्हते. एकूण साडेतीन तासांचे रेकॉर्डिंग झाले आहे, त्यातले निम्मे अधिक बाबांबद्दलच आहे, पण उरलेले मी आता कागदावर उतरवते आहे.

येत्या मे महिन्यात, मेमोरियल डेच्या आधीच्या शनिवारी, आम्ही चार-पाच घरे मिळून पुन्हा पोकीप्सीला जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी मंडळाच्या सेक्रेटरींना कळवावे, म्हणजे गाड्यांचे ठरवता येईल. एडिसनहून साधारण दोन तास लागतात. डबे प्रत्येकाने आपापले आणावेत, जेवण नदीकाठच्या पार्कमध्ये. काशीबाईंच्या चरित्रातली थोडी पाने मी मोठ्याने वाचणार आहे, मुलांसाठी मधूनमधून इंग्रजीत सांगू. एकट्याने जायचे झाल्यास कार्पेंटर कुटुंबाची जागा कुठे ते ऑफिसात विचारावे, ते नकाशावर खूण करून देतात. उतारावर गवत ओले असते, साडी नेसणार असाल तरी पायात बूट घाला.